देणाऱ्याचे नियम आणि घेणाऱ्याचे शिवार

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केले असून पाण्यासाठी दिलेल्या दानाचा इतिहास या दोन्ही भागांना जवळचा आहे. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने शहराच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला आणि त्यातील पाणी जमिनीखालच्या नळांतून वस्तीतील हौदांपर्यंत आणले. त्यानंतर निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला आणि अलीकडच्या काळात शहरातील नागरिक व उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या माध्यमातून वर्गण्या गोळा करून त्याच तलावातील गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. दात्याचे रूप राजवटीगणिक बदलत गेले, तरी दान कशासाठी द्यायचे, ते कोणाच्या हाती सोपवायचे आणि त्याचा पहिला लाभ कोणाला मिळेल, हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा देणाऱ्याकडेच राहिला. परोपकारी संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधी आणि परदेशी मदत यंत्रणा ज्या मार्गाने गावांपर्यंत पैसा पोहोचवतात, त्याला आज अनुदान म्हटले जाते, म्हणजे विशिष्ट कामासाठी, विशिष्ट अटींवर दिलेली आणि परत न घ्यायची रक्कम. या अटी कोण लिहितो, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जालना जिल्ह्यात भरपूर सामग्री आहे.

मराठवाड्यातील वाचकाला समन्याय हा शब्द जायकवाडीच्या पाण्यावरून झालेल्या दीर्घ वादामुळे परिचित आहे. गोदावरी खोऱ्याच्या वरच्या भागातील धरणे भरलेली असताना खालच्या भागाने कोरडे राहू नये, यासाठी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात तुटीची झळ सर्वांनी सारख्या प्रमाणात सोसावी असे तत्त्व आले आणि समन्यायी पाणीवाटप हा शब्द न्यायालयापासून चावडीपर्यंत रूढ झाला. अनुदानाच्या क्षेत्रातही या शब्दाचा अर्थ तोच आहे. प्रत्येकाला समान रक्कम देणे ही समता होय, तर ज्याची सुरुवातच मागून होते त्याच्यापर्यंत लाभ पोहोचेल अशा रीतीने रक्कम, अटी आणि निर्णयाचा अधिकार यांची मांडणी करणे हा समन्याय होय. हा फरक कागदावर किरकोळ भासला, तरी शिवारात उतरल्यावर त्याचे परिणाम फार वेगळे होतात.

तलावातल्या गाळाच्या उदाहरणावरून हे चांगले समजते. तलावातून काढलेला गाळ शेतकऱ्यांना फुकट दिला जातो, दाता किंवा शासन यंत्राचा आणि डिझेलचा खर्च उचलते आणि गाळ आपल्या शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा असतो. हा नियम वरवर पाहता सर्वांना सारखा आहे. तथापि ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे किंवा हंगामापूर्वी भाडे भरण्याइतका पैसा हाताशी आहे, त्याच्याच मुरमाड रानावर काळ्या मातीचा थर चढतो, तर दीड एकरवाल्या विधवेच्या वाट्याला त्याच तलावाकाठी राहूनही काही येत नाही. राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत प्रारंभी हीच त्रुटी होती. २०२३ साली योजना नव्या स्वरूपात आली तेव्हा अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना गाळ पसरवण्यासाठी घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे, एकरी कमाल १५ हजार रुपये आणि अडीच एकरांपर्यंत म्हणजे ३७ हजार ५०० रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. वाहतुकीचा भार कोणावर पडतो याकडे आधीच्या अनुभवातून लक्ष गेल्यामुळे नियम बदलला. अनुदानाच्या व्यवहारात ज्याला शिकणे म्हणता येईल, ते हेच.

जालना तालुक्यातील कडवंची गावाची कथा याच दृष्टीने, आणि नेहमीच्या यशोगाथांपेक्षा अधिक बारकाईने, पाहण्यासारखी आहे. सुमारे १,८८८ हेक्टर क्षेत्रावर पसरलेल्या या गावाच्या पाणलोटात १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत काम झाले आणि विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने गावाच्या सोबतीने ते उभे केले. पाणलोट म्हणजे ज्या भूभागावर पडलेला पाऊस एकाच ओढ्यात किंवा नाल्यात येऊन मिळतो तो सारा प्रदेश, आणि त्याचा विकास म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नाला बांध अशा उपचारांनी पावसाचे धावते पाणी थांबवून जमिनीत मुरवणे. जर्मन सरकारच्या मदतीतून आलेला पैसा नाबार्ड या राष्ट्रीय बँकेमार्फत गावांपर्यंत जात होता. या कार्यक्रमाची कल्पना आणि पायाभरणी करणारे स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी आयुष्याचा मोठा काळ अहमदनगर परिसरात काढला होता आणि गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली त्यांच्याच पुढाकाराने वॉटर ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमाचे वेगळेपण पैशाच्या आकड्यापेक्षा पैसा येण्याच्या क्रमात होते. गावाने अर्ज केला म्हणजे मुख्य अनुदान सुरू होत नसे. आधी वर्ष-दीड वर्षाचा क्षमताबांधणीचा टप्पा असे, ज्यात शिवाराच्या एका मर्यादित भागावर गावकऱ्यांनी स्वतः काम करून दाखवायचे, हिशेब ठेवायचे, भांडणे मिटवायची आणि ग्रामसभेने निवडलेल्या पाणलोट समितीला निर्णय घेण्याची सवय लावायची. ही परीक्षा गावाची होती तशीच सोबत करणाऱ्या संस्थेचीही होती, कारण दोघांनी एकमेकांना जोखून घेतल्याखेरीज पुढचा टप्पा मंजूर होत नसे. त्यानंतरचा पैसा ग्राम पाणलोट समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात येई, त्यामुळे गावातल्या माणसाच्या सहीशिवाय तो खर्च होऊ शकत नसे. देणाऱ्याने आपल्या हातातला निर्णयाचा काही भाग घेणाऱ्याकडे अशा रीतीने सोपवणे हे त्या काळी दुर्मीळ होते आणि दुर्दैवाने आजही दुर्मीळच आहे.

नियोजनाची पद्धतही या विचाराशी सुसंगत होती. कार्यालयात बसून नकाशावर रेघा ओढण्याऐवजी प्रत्येक गट नंबरवर, म्हणजे सात-बाऱ्यावर स्वतंत्र नोंद असलेल्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर, त्या शेताच्या मालकाला आणि शक्यतो पती-पत्नी दोघांना सोबत घेऊन शिवारफेरी केली जाई आणि उतार, मातीची खोली, सध्याचा वापर आणि कुटुंबाची इच्छा पाहून उपचार ठरवला जाई. गावोगावी ही पद्धत नेट प्लॅनिंग या नावाने ओळखली जाते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या अटी गावाने ग्रामसभेत मान्य करायच्या असत. अकुशल मजुरीच्या खर्चापैकी एक हिस्सा गावाने श्रमदानातून उचलायचा होता, मात्र भूमिहीन आणि एकट्या पालकावर चालणाऱ्या गरीब कुटुंबांना त्या श्रमदानातून सूट होती. ज्याच्या जमिनीला लाभ होणार नाही त्याच्याकडून फुकट कष्ट मागू नयेत, हे साधे तत्त्व अनुदानाच्या अटींत स्पष्ट शब्दांत लिहिलेले असणे फार महत्त्वाचे आहे, कारण लिहिलेली सूट गावातील बलवान माणसाला नाकारता येत नाही, तर तोंडी दिलेले आश्वासन सहज विसरता येते.

पुढच्या काळात कडवंचीत द्राक्षबागा वाढल्या, शेततळी झाली आणि २०१२ च्या भीषण दुष्काळात जिल्ह्यातील अनेक गावे टँकरवर असताना या गावाने बागा टिकवल्या, म्हणून त्याचे नाव राज्यभर झाले. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या अभ्यासातही येथील कुटुंबांचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढल्याचे दिसून आले. या यशाचे श्रेय देताना चर आणि बंधाऱ्यांइतकेच श्रेय खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातील दरमहा भरणाऱ्या चर्चासत्रांना द्यावे लागते. तेथे शेतकरी आपल्या शेतातले प्रश्न घेऊन येतात, शास्त्रज्ञांना आणि एकमेकांना विचारतात, एखादा प्रयोग फसला तर तो का फसला याची उघड चर्चा होते. प्रकल्पाची मुदत संपली, निधी थांबला, तरी ही बैठक थांबली नाही. बहुतेक अनुदाने तीन ते पाच वर्षांत संपतात आणि त्यांच्यासोबत गावातली बैठकही मोडते. कडवंचीच्या बाबतीत शिकण्याची व्यवस्था अनुदानाच्या बाहेर, स्थानिक संस्थेच्या अंगणात रुजलेली असल्यामुळे ती टिकली.

तथापि समन्यायाच्या कसोटीवर पाणलोटाचे कोणतेही काम, कितीही लोकसहभागाचे असले तरी, एका मूलभूत अडचणीत सापडते. पाणलोटाचे उपचार जमिनीवर होतात, मुरलेले पाणी जमिनीखाली साठते आणि ते उपसण्याचा व्यावहारिक अधिकार ज्याची जमीन, ज्याची विहीर आणि ज्याची मोटार त्याच्याकडे असतो. म्हणजे अनुदान जमिनीशी बांधले गेले की त्याचा लाभ जमिनीच्या प्रमाणात वाटला जातो आणि भूमिहीनाच्या पदरात काम चालू असेतोवरची मजुरी आणि पुढे वाढलेल्या शेतीतली रोजंदारी एवढेच पडते. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेसाठी जॉन केर यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील गावांचा जो अभ्यास केला आणि जो २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात लोकसहभागावर भर देणारे प्रकल्प तांत्रिक उपचारांवर भर देणाऱ्या सरकारी प्रकल्पांपेक्षा सरस ठरल्याचे दिसले, परंतु याच प्रकल्पांमध्ये सामाईक जमिनी चराईसाठी बंद केल्यामुळे भूमिहीनांना आणि शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना तोटा सोसावा लागल्याचेही दिसले. चराईबंदी हा शब्द ग्रामसभेत एकमताने मंजूर होतो तेव्हा चार शेळ्यांवर घर चालवणारी बाई त्या सभेत असते का, असली तर बोलते का, हा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो गायरानाचा आहे. गावाच्या सामाईक चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला गायरान म्हणतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून या भागातील दलित आणि भटक्या कुटुंबांनी अशा जमिनी वहितीखाली आणल्या. १९९१ च्या नोव्हेंबरमधील शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिती नियमित करण्याचा मार्ग खुला केला, तरी प्रत्यक्षात अनेकांच्या नावे सात-बारा झालेला नाही. आता एखादी कंपनी किंवा न्यास शेततळ्यासाठी, ठिबकासाठी किंवा फळबागेसाठी अनुदान देतो आणि अर्जासोबत सात-बारा मागतो, तेव्हा ती एक साधी कागदपत्राची अट वाटते. पण त्या एका अटीने वर्षानुवर्षे कसून घाम गाळणारे कुटुंब यादीच्या बाहेर जाते, आणि तेच गायरान वृक्षलागवडीसाठी निवडले गेले तर त्या कुटुंबाच्या पायाखालची जमीनच परोपकाराच्या नावाने निघून जाते. दात्याचा हेतू कोणालाही वगळण्याचा नसतो. वगळण्याचे काम अट करते, आणि म्हणून अटीची तपासणी हेतूच्या तपासणीपेक्षा जास्त गरजेची आहे.

कार्यक्रमासाठी गावे निवडण्याच्या निकषांतही अशीच एक गोष्ट दडलेली होती. जमीनधारणेत फार मोठी तफावत नसलेली आणि एकत्र येऊन काम करण्याचा पूर्वेतिहास असलेली गावे इंडो-जर्मन कार्यक्रमाने पसंत केली, आणि कामाच्या यशासाठी ते शहाणपणाचेही होते. परंतु सगळेच दाते असे निकष लावू लागले तर जातीच्या भांडणांनी दुभंगलेले, दोन-चार घराण्यांच्या ताब्यातले आणि म्हणूनच सर्वांत जास्त गरजू असलेले गाव कायमचे मागे पडते. यशाची खात्री असलेल्या ठिकाणी पैसा देणे सोपे आहे. दुभंगलेल्या गावात यश उशिरा येईल, कदाचित पहिल्या खेपेस येणारही नाही, हे मान्य करून तेथे दीर्घकाळ थांबणारा दाता दुर्मीळ असतो, आणि मराठवाड्याला त्याचीच अधिक गरज आहे.

मुरलेले पाणी कोणाच्या हाती लागते, हा पेच शेततळ्यांनी वाढवला. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी असलेले शेततळे प्लास्टिकच्या अस्तराने मढवले गेले आणि विहिरी-बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरले जाऊ लागले, तेव्हा सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या कुंपणात आले आणि उन्हाळ्यात त्यातील मोठा भाग वाफेने उडून गेला. ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातील शेततळ्यांच्या या वापराकडे लक्ष वेधले होते. पहिल्या टप्प्यात गावाने एकत्र मुरवलेले पाणी दुसऱ्या टप्प्यात व्यक्तीने वर ओढून घ्यावे आणि दोन्ही टप्प्यांना अनुदान मिळावे, असे घडू शकते, कारण दोन योजना एकमेकींपासून काही शिकत नाहीत. कडवंचीसारख्या गावांच्या कर्तृत्वाला यामुळे कमीपणा येत नाही. त्या गावाने आपल्या हाती होते ते सारे केले, पण पाण्याच्या वाटपाचा नियम अनुदानाच्या करारातच नव्हता.

तो नियम करारात असला तर काय होते, याचे उत्तर महाराष्ट्रानेच पन्नास वर्षांपूर्वी दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे देवस्थानची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन प्रयोग केला, १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. उपसा सिंचनाच्या खर्चापैकी ५० टक्के शासनाचे अनुदान, ३० टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज आणि २० टक्के लाभधारकांचा वाटा अशी रचना होती, पण तिचे मर्म वाटपाच्या नियमात होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसागणिक अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर एवढ्याच सिंचनासाठी मिळे, भूमिहीनालाही हक्काचा वाटा असे, उसासारखी बारमाही पिके घेता येत नसत आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नसे. हरियाणातील सुखोमाजरी गावातही १९७० च्या दशकात पी. आर. मिश्रा यांच्या मार्गदर्शनाखाली बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा वाटा ठरवण्यात आला, आणि ज्याला शेत नाही तो आपला वाटा दुसऱ्याला विकू शकत असल्यामुळे डोंगर चराईसाठी बंद ठेवण्यात त्यालाही स्वारस्य निर्माण झाले. दोन्ही ठिकाणी वाटपाचा प्रश्न पाणी येण्यापूर्वी सोडवला गेला. पाणी आल्यानंतर, विहिरी भरल्यानंतर आणि बागा लागल्यानंतर हा प्रश्न कोणत्याही ग्रामसभेला सोडवता येत नाही, कारण तोवर गमावण्यासारखे पुष्कळ काही असलेली माणसे त्या सभेत पुढच्या रांगेत बसलेली असतात.

समुदायाची भागीदारी या शब्दप्रयोगाचा अर्थ सह्या गोळा करण्यापुरता मर्यादित झाला असल्यामुळे मराठवाड्यातील आणखी एक अनुभव आठवणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणात लोकांचा सहभाग मिळवण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेण्यात आले. संस्थेने गावातल्या महिला मंडळांमधून संवाद सहायक उभ्या केल्या. कोणाला किती मदत मंजूर आहे, ती कोणत्या टप्प्यांत मिळते, भिंतीला आडवा बंध कोठे घालायचा आणि सिमेंट किती लागते, हे या स्त्रिया शिकल्या आणि त्यांनी ते घरोघरी सांगितले. अभियंता आणि गाव यांच्यातील माहितीची दरी भरून निघाली की पैशाची गळती आणि फसवणूक दोन्ही अवघड होतात. येथे शिकणे आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत. ज्या बाईला हप्त्याचा हिशेब कळला, तिला तो विचारण्याचा अधिकारही मिळाला.

जालन्यातील उद्योगांना या चर्चेत विशेष स्थान आहे. पोलाद आणि बियाणे या दोन व्यवसायांमुळे शहराचे नाव देशभर गेले असून येथील महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक पात्रता पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित असते आणि ती खर्चताना आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सुचवतो. परिसराच्या या प्राधान्यामुळे कारखाने जेथे आहेत तेथे निधी जातो आणि जेथे कारखानाच नाही, त्या मंठा-परतूरच्या कोरडवाहू खेड्यांकडे तो कमीच वळतो. दुसरी अडचण संस्थांच्या चालू खर्चाची आहे. कंपनीने सामाजिक निधीच्या स्वतःच्या प्रशासनावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये असा नियम आहे. त्याचेच अनुकरण करून अनेक दाते गावात काम करणाऱ्या संस्थेचे पगार, प्रवास आणि हिशेबनिसाचा खर्चही तेवढ्याच काटकसरीने मोजतात. बंधाऱ्याला पैसा मिळतो, पण बंधाऱ्याआधी वर्षभर गावात बसून भांडणे मिटवणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला मिळत नाही, आणि कडवंचीच्या अनुभवावरून पाहिले तर सर्वांत मोलाचे काम तेच होते.

लहान संस्थांची कोंडी सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात झालेल्या बदलांनी आणखी वाढवली. परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. शहरातील मोठी संस्था निधी मिळवून तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या संस्थेला देत असे, तो मार्ग त्यामुळे बंद झाला. इंग्रजीत प्रस्ताव लिहिणे, लेखापरीक्षकाची फी भरणे, संकेतस्थळावर माहिती चढवणे या गोष्टी ज्या संस्थेला परवडतात तिलाच निधी मिळतो, आणि वस्तीतल्याच माणसांनी चालवलेली संस्था, जिला गावाची नस सर्वांत चांगली कळते, ती रांगेत शेवटी राहते. हिशेबाची शिस्त सोडावी असे कोणीही म्हणणार नाही, परंतु मराठीतून प्रस्ताव स्वीकारणे, पहिल्या वर्षी लहान रक्कम देऊन हिशेबाचे प्रशिक्षण त्याच रकमेत धरणे आणि अहवालाऐवजी गावभेटीवर भर देणे, हे कोणत्याही कायद्याला बाधा न आणता करता येते.

जगातील काही निधींनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या डिसेबिलिटी राइट्स फंडाने अनुदान कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीतच अपंग व्यक्तींना स्थान दिले, म्हणजे ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांनीच तो कोठे जावा याचा कौल द्यायचा. यालाच सहभागी अनुदानवाटप म्हणतात. जालना जिल्ह्यात एखाद्या उद्योगाच्या सामाजिक निधीच्या समितीत ऊसतोड कामगार स्त्री, गायरानधारक आणि मेंढपाळ यांना बसण्याची आणि मत देण्याची जागा मिळाली, तर सात-बाऱ्याची अट, ट्रॅक्टरचे भाडे आणि चराईबंदीची झळ हे मुद्दे पहिल्याच बैठकीत पुढे येतील आणि दहा वर्षांनंतरच्या मूल्यमापनाची वाट पाहावी लागणार नाही. मूल्यमापनाचे स्वरूपही त्यामुळे बदलू शकेल. सध्या ते संस्थेची परीक्षा असते, नापास झाल्यास पुढचा हप्ता थांबतो, म्हणून अपयश लपवले जाते. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम तपासणे बंधनकारक केले आहे, पण हे निष्कर्ष ज्या गावाबद्दल आहेत त्या गावाच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवले जाणे, त्यांवर हरकती घेतल्या जाणे आणि त्या हरकतींनुसार पुढच्या करारातील अट बदलली जाणे, ही साखळी अद्याप जोडली गेलेली नाही.

या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट वेळापत्रकाची आहे. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे शिल्लक निधी संपवण्याची घाई जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते आणि त्यासाठी लागणारा गावाचा ठराव बहुधा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घेतला जातो. नेमक्या याच काळात अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील हजारो ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन, मुलाबाळांसह, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर गेलेले असतात. दिवाळीच्या आसपास त्यांनी गाव सोडलेले असते आणि ते परततात तेव्हा उन्हाळा आलेला असतो. म्हणजे समितीची निवड, चराईबंदीचा ठराव, लाभार्थ्यांची यादी आणि शिवारफेरी हे सारे गावातील सर्वांत गरीब भाग गावात नसताना उरकले जाते, आणि कागदावर मात्र ग्रामसभेची संपूर्ण संमती नोंदवलेली असते. कोयता खाली ठेवून आलेली ही माणसे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गावात असतात. दात्याने आपला अर्ज, समितीची निवड आणि वाटपाच्या नियमांची चर्चा या तारखेला धरून आखली, तीन महिन्यांच्या घाईऐवजी पावसाळ्यात गावाशी बोलून हिवाळ्यात काम सुरू केले आणि पहिल्या वर्षाचा बराचसा निधी याच बोलण्यावर खर्च होईल हे संचालक मंडळाला आधीच पटवून दिले, तर त्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही, फक्त मंजुरीची तारीख सहा महिने अलीकडे आणावी लागते.